निपुत्रिक राजांच्या गाद्या आणि दोन दत्तक मुले



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा, असा मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी आमच्यामागे धोशा लावला होता. काय लिहावं हे सुचत नव्हतं. तेवढ्यात आपल्याच विहारात एक नामकरण विधी झाला. बारा-तेरा वर्षे मूल नसलेल्या एका जोडप्याने मुलगी दत्तक घेतली होती. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिले, नाव ठेवले, खीरदान झाले. सगळे आनंदात होते. पण मागच्या रांगेत कुजबुज चालली होती ती आम्ही या कानांनी ऐकली. एक जण म्हणाला, "घ्यायचंच होतं तर पोरगा घ्यायचा. वंशाला दिवा तरी झाला असता." दुसरा म्हणाला, "आणि कुणाचं रक्त आहे ते कुणाला ठाऊक?"

आम्हाला ते फार लागलं. आम्ही काही बोललो नाही, कारण शुभकार्यात वाद नको. पण रात्री झोप येईना. वंश, रक्त, वारस हे शब्द आपल्या वस्तीत कुठून आले? आपल्या बापजाद्यांकडे ना गादी, ना जहागीर. मग ही भाषा कुणाची? ही भाषा राजेरजवाड्यांची. म्हणून आम्ही ठरवलं की राजे मूलबाळ न होता मेले तेव्हा त्यांच्या गाद्यांचं काय झालं, हेच यंदा लिहायचं. राजांची ही गोष्ट फिरून फिरून आपल्याच दारात येते, हे शेवटपर्यंत वाचाल तर कळेल.

दत्तकाचा जुना कायदा

आधी रीत समजून घेऊ. राजाला पोटचा मुलगा नसला तर तो भाऊबंदांतला एखादा मुलगा दत्तक घेत असे. राजा दत्तक न घेताच वारला तर त्याची विधवा राणी दत्तक घेई. आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची लेखी परवानगी नसली तरी दत्तक घेता येत असे. बंगालात मात्र नवऱ्याची परवानगी लागे. दत्तक घेण्यामागे धर्मशास्त्राने कारण दिले होते ते पिंडदानाचे. मुलाने श्राद्ध केले नाही तर बापाला गती नाही, अशी समजूत. म्हणून दत्तक मुलगाच पाहिजे, मुलगी चालणार नाही. तो जातीतलाच पाहिजे, परजातीचा चालणार नाही. राणी दत्तक घेऊ शकत होती, पण घ्यायचा कुणासाठी? नवऱ्याच्या वंशासाठी. तिने स्वतः गादीवर बसायचे नाही.

घरजमिनीचा प्रश्न असेल तर एवढ्याने भागत असे. पण गादीचा प्रश्न आला की वरच्या सत्तेची मंजुरी लागे. मोगलाईत आणि पेशवाईतही मांडलिकाच्या दत्तकाला मंजुरी मिळवताना नजराणा भरावा लागे. नजराणा भरला की काम होई. कंपनी सरकार आले आणि नजराण्याने पोट भरेनासे झाले. त्यांना अख्खे राज्यच पाहिजे होते.

सातारा, नागपूर, झाशी

लॉर्ड डलहौसी जानेवारी १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. गादीला पोटचा वारस नसला की राज्य खालसा, हे धोरण त्याच्या नावावर प्रसिद्ध आहे. परंतु सुरुवात त्याने केली नाही. त्याच्या आधीच, १८४० साली, अलिबागच्या आंग्र्यांचे कुलाबा संस्थान असेच खालसा झाले होते. डलहौसीने त्याचा सपाटा लावला एवढेच.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढून काशीला पाठवले होते. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या जागी त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवले होते. तेही ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. त्यांनाही मूल नव्हते. मरणाच्या दारात त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला. दत्तकविधी शास्त्राप्रमाणे झाला हे इंग्रजांनाही मान्य होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी तर राज्य खालसा करू नये असेच मत दिले होते. डलहौसीने ऐकले नाही. तो म्हणाला, दत्तक मुलाला राजाची खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. शिवाजी महाराजांच्या वंशाची साताऱ्याची गादी अशी कागदावरच्या एका ओळीने संपली.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साताऱ्याच्या त्या रिकाम्या झालेल्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत रामजी सुभेदारांनी आपल्या धाकट्या मुलाचे, भिवाचे, नाव घातले. त्या तारखेला आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. ज्या वाड्यात छत्रपतींचा दत्तक वारस बसू शकला नाही, त्या वाड्यात आपले बाबासाहेब इंग्रजीची मुळाक्षरे शिकले. इंग्रजांनी हे आपल्यासाठी केले असे मुळीच नाही. पण इतिहासाच्या वाटा कुठून कुठे जातात ते पाहा.

नागपूरचे रघूजी भोसले तिसरे ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. मुलगा नव्हता, दत्तकही घेतला नव्हता. पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर यांचा लिलाव झाला. राण्या वाड्यात बसून ऐकत होत्या. हे सारे कशासाठी? डलहौसीने नागपूरबद्दल जे टिपण लिहिले त्यात कापसाचा मुद्दा होता. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीच निजामाकडून काढून घेतला होता. वऱ्हाड आणि नागपूर मिळून उत्तम कापसाचा मुलूख. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता. आम्ही गिरणीतली माणसे, कापसाची बात आम्हाला पटकन समजते. राजाला मुलगा नाही हे निमित्त, कापूस हे कारण. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल त्याच नागपुरात सुरू झाली आणि आपल्या समाजाची हजारो माणसे तिथे खात्याखात्यांत राबली.

झाशीची गोष्ट सर्वांना माहीत आहे. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. त्यांचा पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतला, इंग्रज अधिकाऱ्यासमोर घेतला. तरीही १८५४ साली राज्य गेले. राणी लक्ष्मीबाईंना महिना पाच हजार रुपयांचा तनखा देऊ केला. म्हणजे सातारला मरताना दत्तक घेतला तो चालला नाही, झाशीला इंग्रजांच्या साक्षीने घेतला तोही चालला नाही, नागपूरला घेतलाच नाही म्हणून चालले नाही. न्याय एकच: द्यायचे नाही.

१८५७ नंतर साहेब शहाणा झाला

पुढे १८५७ साली काय झाले ते सांगायला नको. बंडाला कारणे पुष्कळ होती, त्यातले हे एक. बंड मोडल्यावर १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. संस्थानिकांशी झालेले करार पाळू, मुलूख आणखी वाढवणार नाही, असे त्यात आश्वासन होते. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. पोटचा मुलगा नसला तरी तुम्ही तुमच्या धर्माप्रमाणे दत्तक घ्या, आम्ही मानू, असा त्यांचा अर्थ.

साहेबाला अचानक न्यायबुद्धी झाली असे समजू नका. बंडाच्या वेळी जे संस्थानिक शांत राहिले त्यांनीच आपल्याला वाचवले हे त्याला कळले होते. राज्य गिळण्यापेक्षा राजा हाताशी धरलेला स्वस्त पडतो. पण या हिशेबातून एक गोष्ट घडली जी साहेबाच्या मनातही नव्हती. त्या दत्तकांच्या सनदांच्या छायेत दोन मुले दोन गाद्यांवर बसली. एक बडोद्याला, एक कोल्हापूरला.

बडोदा: कवळाण्याचा गोपाळ

बडोद्याचे खंडेराव गायकवाड २८ नोव्हेंबर १८७० रोजी वारले. मुलगा नव्हता. मात्र राणी जमनाबाई गरोदर होत्या. आता काय करायचे? खंडेरावांचे सख्खे भाऊ मल्हारराव हे राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पादऱ्याच्या तुरुंगात होते. त्यांना तुरुंगातून काढून गादीवर बसवले, पण एका अटीवर. जमनाबाईंना मुलगा झाला तर मल्हाररावांनी खाली उतरायचे.

अख्खे बडोदे त्या बाईच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसले. ५ जुलै १८७१ रोजी जमनाबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली. झाले, प्रश्न मिटला! मुलगी म्हणजे वारस नव्हे. मल्हाररावांची गादी पक्की झाली. खंडेरावांचे रक्तच पाहिजे होते ना? मग त्या मुलीच्या अंगात कुणाचे रक्त होते? म्हणजे रक्ताची बात खोटी. बात होती पुरुषाची.

बरे, सख्ख्या भावाने राज्य कसे केले? रयतेवर जुलूम, तिजोरीची उधळपट्टी. १८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण त्यांनाही टिकाव धरता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज रेसिडेंट फेअर याला सरबतातून विष घालण्याचा प्रयत्न झाला. मल्हाररावांवर आरोप आला, सहा जणांचे चौकशी मंडळ बसले. त्यातल्या तीन इंग्रजांनी त्यांना दोषी ठरवले, तीन हिंदी सभासदांनी गुन्हा शाबीत होत नाही असे म्हटले. तरी सरकारने एप्रिल १८७५ मध्ये राज्यकारभार नीट नाही असे कारण देऊन त्यांना काढले आणि मद्रासला पाठवले.

डलहौसी असता तर बडोदे तेव्हाच खालसा झाले असते. पण दिवस बदलले होते. जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याची एक लांबची शाखा नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे गावी शेती करून राहत होती. तिथल्या काशीरावांची मुले बडोद्याला आणली. त्यातला मधला गोपाळराव, वय वर्षे बारा, राणीने पसंत केला. कशासाठी आलास असे विचारल्यावर त्याने राज्य करायला आलो असे ठणकावून सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

हा मुलगा बडोद्यात आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. काल गुरांमागे असलेला पोर आज महाराज. पण त्याला लगेच राज्य दिले नाही. सहा वर्षे शिक्षण झाले. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक, आणि कारभार शिकवायला दिवाण टी. माधवराव. पूर्ण अधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी. स्वतः अक्षरशत्रू असण्याची लाज ज्याने सोसली त्यानेच पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या.

कोल्हापूर: एकामागून एक तीन

कोल्हापूरच्या गादीची कथा आणखी विलक्षण आहे. तिथे एकामागून एक तीन राजे मुलगा नसताना गेले. शिवाजी महाराज तिसरे १८६६ साली वारले. त्यांच्या जागी बहिणीचा मुलगा राजाराम दत्तक आला. तो विलायतेला गेला आणि परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारला, वय अवघे वीस. तिथेच आर्नो नदीच्या काठी त्याचे दहन केले. बडोद्याचे खंडेराव गेले त्याच्या दोनच दिवसांनी. म्हणजे मराठ्यांच्या दोन मोठ्या गाद्या तीन दिवसांत रिकाम्या झाल्या.

राजारामाच्या मागे शिवाजी चौथे दत्तक आले. ते मुलगेच होते, कारभार इंग्रजांच्या आणि कारभाऱ्यांच्या हातात. महाराजांना वेड लागले आहे असे जाहीर केले गेले. कारभारी छळ करतात असे टिळक-आगरकरांनी पत्रांत छापले आणि १८८२ साली बदनामीच्या खटल्यात दोघांनी आपल्या मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यात त्यांचा अंत झाला. वय वीस. मूल नाही.

आता राणी आनंदीबाईंनी दत्तक घ्यायचा होता. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचा मुलगा यशवंतराव निवडला. १७ मार्च १८८४ रोजी, नऊ वर्षांचा असताना, तो दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. यालाही लगेच राज्य दिले नाही. दहा वर्षे शिकवले. आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली. २ एप्रिल १८९४ रोजी अधिकार मिळाले तेव्हा त्यांनी डोळे उघडून पाहिले, तर दरबारच्या ७१ मोठ्या जागांपैकी ६० एकाच जातीच्या हातात! २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली महारवतनाची गुलामी काढून जमिनी रयतावा केल्या.

आता आपल्या दाराशी

केळुसकर गुरुजींनी भीमराव नावाच्या हुशार विद्यार्थ्याला सयाजीरावांपुढे नेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण पुरे झाले. १९१३ साली महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच साली २१ आणि २२ मार्चला कागल जहागिरीतल्या माणगावी परिषद भरली. तिथे महाराजांनी आपल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. उरलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हाही महाराजांनी मदतीचा हात दिला.

तेव्हा विचार करा. खंडेरावांना मुलगा असता तर कवळाण्याचा गोपाळ शेतातच राहिला असता. कोल्हापूरच्या शिवाजी चौथ्यांना मुलगा असता तर यशवंतराव कागलची जहागीर सांभाळत बसले असते. बाबासाहेब बाबासाहेब झाले ते स्वतःच्या बुद्धीने आणि कष्टाने, त्यांना कुणी घडवले नाही. पण वाटेत ज्या दोन राजांनी हात दिला ते दोघेही पोटचे वारस नव्हते. ते दोघेही दुसऱ्याच्या घरातून आणलेले होते.

यावरून कुणी म्हणेल की दत्तक चांगला आणि पोटचा वाईट. तसे नाही. शिवाजी चौथे हेही दत्तकच होते, पण त्यांना राज्य करायची संधीच मिळाली नाही. मल्हारराव सख्खे भाऊ होते, त्यांनी राज्य घालवले. भगवंतांच्या काळातला मगधाचा बिंबिसार राजा बघा. त्याला पोटचा मुलगा होता, अजातशत्रू. त्या पोटच्या मुलाने गादीसाठी बापाला कैदेत उपाशी मारले. तेव्हा पोटचा की दत्तक हा मुद्दाच नव्हे. सयाजीराव आणि शाहू यांच्यात सारखे काय होते? दोघांना गादीआधी शाळा मिळाली. एकाला सहा वर्षे, दुसऱ्याला दहा वर्षे. आणि दोघांनी ती शाळा पुढे रयतेला दिली.

आम्ही गिरणीत लागलो ते वडिलांच्या जागेवर. तेव्हा चाळीत तशीच रीत होती. बाप थकला की मुलगा आत. ज्याला मुलगा नाही तो गावाकडून पुतण्या नाहीतर भाचा आणून जॉबरपुढे उभा करायचा. ही आमची गरिबाची गादी! पण साच्यावर उभे राहिल्यावर पहिल्याच पाळीत कळायचे. तुटलेला धागा जोडायला हात लागतो, बापाचे नाव लागत नाही. ज्याला कुणी हाताला धरून शिकवले तो टिकला. बाकीचे बदलीवरच राहिले.

पण राजा कितीही शिकलेला असला तरी एकटा राजा पुरत नाही. १९१७ साली बाबासाहेब करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्याच सयाजीरावांच्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकत. राजाचे मन बदलले होते, राज्याचे बदलले नव्हते. म्हणून चांगला राजा मिळण्याची वाट पाहत बसायचे नाही, हा धडा बाबासाहेबांनी तिथे घेतला असे आम्हाला वाटते.

गादी गेली, मत आले

पुढे काय झाले? कोल्हापुरात शाहू महाराजांचे पुत्र राजाराम १९४० साली वारले, त्यांनाही मुलगा नव्हता. दत्तक घेतलेले बाळ १९४६ साली गेले. १९४७ साली देवासहून शहाजी महाराज दत्तक आले. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि गादीला वारस कोण हा प्रश्न त्या घराण्यापुरता उरला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. प्रत्येक माणसाला एक मत, मग तो राजवाड्यातला असो की झोपडीतला. संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता राहिली होती, तीही १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने गेली. २०२४ साली कोल्हापूरचे सध्याचे शाहू छत्रपती लोकसभेवर निवडून गेले, पण त्यासाठी त्यांना रयतेपुढे हात जोडून मते मागावी लागली. हा फरक बाबासाहेबांच्या लेखणीने केला.

आता त्या कुजबुजीकडे परत येऊ. दत्तक फक्त मुलगाच, फक्त जातीतलाच, हा जुना कायदा मोडायचे काम बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलात हाती घेतले होते. ते बिल अडवले गेले, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. दत्तकाचा कायदा लागू झाला २१ डिसेंबर १९५६ रोजी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा पंधराच दिवस झाले होते. त्या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जातीची अट गेली, विधवा आणि अविवाहित स्त्री स्वतःसाठी दत्तक घेऊ शकली. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या बरोबरीने हा हक्क २०१० सालच्या दुरुस्तीने मिळाला. हा कायदा आपल्याला, बौद्धांनाही, लागू आहे.

म्हणजे जमनाबाईंची मुलगी झाली म्हणून मोजली गेली नाही, त्या अन्यायावर शिक्कामोर्तब करणारी रीत बाबासाहेबांनी मोडायला घेतली. आणि आपण त्यांची लेकरे विहारात बसून म्हणतो, "पोरगाच घ्यायचा होता"! आम्ही हे कुणाला टोचण्यासाठी लिहीत नाही. हा विचार आमच्याही घरात होता. आमच्या धाकट्या मुलीच्या वेळी आमची आई दोन दिवस जेवली नव्हती, आणि आम्ही तिला काही बोललो नव्हतो. ती मुलगी आज शिकून आपल्या पायावर उभी आहे. तेव्हा गप्प बसलो त्याची आज लाज वाटते, म्हणूनच हे लिहितो.

शेवटचे एक. भगवंतांना पोटचा मुलगा होता, राहुल. तो संघातही होता. पण भगवंतांनी राहुलाला वारस केले नाही, दुसऱ्या कुणालाही केले नाही. आपल्यानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आनंदाला सांगितले. जगातल्या एवढ्या मोठ्या संघाची गादी त्यांनी रिकामी ठेवली आणि म्हणूनच ती कुणाला बळकावता आली नाही.

आपले विहार वर्गणीतून उभे राहिले आहे. इथे गादी नाही, खुर्च्या आहेत. पण आपल्या अनेक मंडळांत अध्यक्षाची खुर्ची बापाकडून मुलाकडे जाताना आम्ही पाहिली आहे. या वर्धापनदिनी आपण ठरवू या की ज्याला हिशेब येतो, ज्याला वंदना शिकवता येते, जो पोरांचा अभ्यास घेतो तो पुढे येईल, मग तो कुणाचाही असो, आणि ती मुलगी असली तरी येईल. संध्याकाळच्या अभ्यासिकेत आम्ही रोज असतो. ज्या मुलीचे परवा नाव ठेवले, ती पाच-सहा वर्षांनी पाटी घेऊन येईल. तिला पुढच्या रांगेत जागा ठेवा.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.